अर्धा फेरा मागे

मिस्त्रींच्या गॅरेजात एक नियम होता. गाडी चालू ठेवूनच आत आणायची आणि आपण गप्प बसायचं. "मिस्त्री, सकाळी लवकर सुरू होत नाही," असं गिऱ्हाईक सांगायला लागलं की ते हात वर करायचे. "तुम्ही थांबा हो. तिला बोलू दे." मग लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन-तीन ठिकाणी टोक टेकवून झालं की निकाल तयार. डावीकडचं बेअरिंग गेलंय. वरचा व्हॉल्व्ह सैल आहे. एका पोस्टमनला तर त्यांनी सांगितलं होतं, गाडीला काही झालेलं नाही, तुमच्या खिशातल्या किल्ल्या वाजताहेत. तो बिचारा त्या आवाजापायी पंधरा दिवस हैराण झाला होता.

त्यांना कानसेन हे नाव ठेवलं भूगोलाच्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे मिस्त्रींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि आता गिऱ्हाईक म्हणायलाही लाज वाटावी इतका जुना दोस्त. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना अहो-जाहो सोडून हाक मारली नाही आणि एकमेकांवाचून दोघांचं पानही हललं नाही. दोघांना बांधून ठेवलं होतं मास्तरांच्या निळ्या गाडीने. लांब पल्ल्याची, दोन सिलिंडरची, चौतीस वर्षांची जुनी मोटरसायकल. पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, आणि सीट इतकी ऐसपैस की मास्तरांची बायको, म्हणजे मिस्त्रींच्या वहिनी, मागे बसून खुशाल पेंगायच्या. दर उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की नवरा-बायको त्या गाडीवर कुठेतरी लांब निघून जायचे. नकाशा मास्तरांचा, गाडी मिस्त्रींच्या भरवशावर. तीस वर्षांत ती रस्त्यात कधी बंद पडली नाही, असं मास्तर सांगायचे. दोनदा पडली होती, पण ते सांगायचे नाहीत.

त्या गाडीत एक खोड होती. इंजिनाच्या आत वरचे व्हॉल्व्ह फिरवायला एक साखळी असते, तिला टायमिंग चेन म्हणतात. नव्या गाड्यांत ती आपली आपण ताणलेली राहते. या जुन्या गाडीत बाहेर एक स्क्रू होता, तो हाताने आवळून ताण द्यावा लागायचा. सैल राहिली तर चेन खडखडते. जास्त आवळली तर स्वतःलाही खाते आणि ती जिच्यावरून घसरते ती पट्टीही खाते. मधलं माप कुठल्या पुस्तकात नाही. मिस्त्रींचं माप कानात होतं. गाडी चालू ठेवायची, स्क्रू हळूहळू आवळत जायचा. खडखड थांबते. आणखी थोडा आवळला की एक बारीक सुं सुरू होते, शिट्टी कुणीतरी दुसऱ्या खोलीत वाजवावी तशी. ती ऐकू आली की अर्धा फेरा मागे, आणि नट घट्ट. बस्स. गावातल्या निम्म्या मेकॅनिकांना ही पद्धत मिस्त्रींनीच शिकवली. रस्त्यापलीकडे ज्याचं आज स्वतःचं मोठं गॅरेज आहे तो समोरचा मेकॅनिकही सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली राबला होता. सुं, मग अर्धा फेरा मागे, हे त्यांनी त्याच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बायको शेजारी जाताना सांगून गेली, "अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मिस्त्री कुकरजवळच पेपर वाचत बसले. बायको परत आली तेव्हा घरभर धूर आणि बटाट्यांचा कोळसा. मिस्त्री म्हणाले, शिट्टीच झाली नाही, तुझा कुकर बिघडलाय. आणि माणूस पडला मेकॅनिक, तेव्हा त्यांनी कुकर उघडून रबर बदललं, शिट्टी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, भोक तारेने साफ केलं. दुसऱ्या दिवशीही त्यांच्या मते शिट्टी झाली नाही. त्यांनी परत कुकर उघडला. तिसऱ्यांदा उघडायला बसले तेव्हा बायकोने पाना हातातून काढून घेतला. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही, तिथल्या कानाच्या दवाखान्यात ते एकटेच गेले. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. मिस्त्रींनी पहिल्यांदा लबाडी केली. काचेपलीकडच्या बाईंचा हात हलला की ते बटण दाबायचे. बाई हुशार होत्या, त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. बाई आत आल्या तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "सुरू कधी करणार?" बाई म्हणाल्या, "झालं की, काका."

खालचे जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत होते. वरचे, बारीक, सगळे गेले होते. चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून बसलात त्याचं हे फळ, असं बाईंनी गोड शब्दांत सांगितलं. आणि आता जो सुं सुं आवाज सतत येतो तो बाहेरचा नाही, तुमच्या कानातलाच आहे, तो जाणार नाही. मशीन लावा, निदान माणसांचं बोलणं नीट कळेल. मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात घातला. कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणेल? गंजलेली कात्री घेऊन बसलेल्या न्हाव्यापुढे कुणी मान देतं का? त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती म्हणा.

मग सुरू झालं ते नाटक. माणूस सोंगाडा असता तर एवढं वाईट वाटलं नसतं, पण आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाने या वयात सोंग आणायचं म्हणजे हाल कुत्रं खाईना. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटायचे, पण खरं काम करायची दुसऱ्या हाताची बोटं. इंजिनावर तळवा ठेवून ते थरथर मोजायचे. स्पार्क प्लगचा रंग बघायचे, तेल चिमटीत घेऊन त्यात लोखंडाचा कीस लागतो का ते चोळून पाहायचे. दहातले आठ दोष असे सापडत. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची सवय लागली. आणि जे कळलं नाही त्यावर मान हलवून हसायचं. या हसण्यावर दोन वर्षं निभावली. लोक म्हणायला लागले, मिस्त्री हल्ली फार प्रेमळ झालेत.

यंदा उन्हाळ्याच्या आधी मास्तर निळी गाडी घेऊन आले. त्यांनी फळीवर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर चार नट ठेवले आणि एका रेघेवरून बोट फिरवलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघं या गाडीवर जिथे रस्ता संपून समुद्र लागतो तिथपर्यंत गेले होते. साडेपाचशे किलोमीटर. तिथे एक दीपगृह आहे, त्याच्या पायरीवर बसून वहिनींनी म्हटलं होतं, परत यायचं. "चौतीस वर्षं नुसतं येऊ येऊ म्हणतोय," मास्तर म्हणाले. "तिचे गुडघे गेलेत, मिस्त्री. डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी पाय वर उचलून सीटवर टाकता येणार नाही. या वर्षी नाही तर कधीच नाही." मग म्हणाले, "मी बसने जाऊ म्हटलं. तर म्हणाली, बसने गेल्यावर ते काय आपलं जाणं झालं?"

मिस्त्रींनी तीन आठवडे त्या गाडीला वाहून घेतलं. दोन्ही कार्बोरेटर उतरवले, बारीक भोकांतून तांब्याची एकेक तार ओवून साफ केले. टाकीत तळाशी गंज होता तो मूठभर नट आणि रॉकेल घालून खळखळवून काढला. पुढच्या शॉकअब्सॉर्बरचे सील गळत होते, ते बदलले. ब्रेकचं तेल काळं झालं होतं, तेही. एक दोष मात्र दाद देईना. गाडी तापली की एक सिलिंडर मधेच दम सोडायचा. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, तरी. चार दिवस मिस्त्री डोकं धरून बसले आणि शेवटी सापडलं. ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलकडे जाणारी वायर वरून धडधाकट होती, आत तांबं तुटलेलं. गरम झालं की टोकं लांब जायची, थंड झालं की परत भेटायची. हे त्यांनी कानाने नाही, बोटांनी शोधलं होतं, वायर इंच इंच वाकवून. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं. कान गेला म्हणून काय झालं, असं त्यांच्या मनात आलं, आणि घरी जाऊन ते बायकोशी उगाचच गप्पा मारत बसले.

राहिली फक्त टायमिंग चेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मास्तर शेजारी उभे, नवे पिवळे हातमोजे घालून, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखे. मिस्त्रींनी गाडी चालू केली, स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि स्क्रू आवळायला लागले. खडखड जाड आवाजाची, ती हाडातून कळत होती. ती थांबली. आता सुं यायला हवी. पाव फेरा. नाही. आणखी पाव. नाही. एरवी एवढ्यात येते. चेन चार वर्षांपूर्वीच नवी घातलेली, एवढी ताणलेली असायचं काही कारण नव्हतं. पण असेल ताणलेली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणखी पाव. आणि मग आली. बारीक, स्पष्ट, सुं. मिस्त्रींना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कानाने साथ दिली. अर्धा फेरा मागे घेतला, नट घट्ट केला, आणि गाडी बंद केली.

गाडी बंद झाली आणि सुं चालूच होती.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, बाहेरचा नाही. रस्ता ओलांडला की पलीकडे समोरचा मेकॅनिक आपल्या दारात बसला होता. त्याला हाक मारून नुसतं म्हणायचं, ये रे, जरा कान लाव. पंधरा पावलं. पण ज्याला पाढा शिकवला त्याला जाऊन विचारायचं, ते मास्तरांच्या देखत, की बाबा रे, मला ऐकू येत नाही, तूच सांग? जीभ रेटेना. त्यांनी मनाची समजूत घातली की इतका वेळ इंजिनाला कान लावल्यावर आवाज थोडा वेळ रेंगाळतोच. किक मारून पाहिली तर जरा जड लागली. नवं तेल दाट असतं, जड लागणारच. मास्तरांनी विचारलं, "काय म्हणते आमची राणी?" मिस्त्री म्हणाले, "जा बिनधास्त."

सकाळी दोघं गॅरेजवरूनच निघाले. वहिनींना सीटवर चढवायला मिस्त्रींनी लाकडी खोकं ठेवलं, तरी त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला, आणि चढल्यावर त्या पोरीसारख्या हसल्या. मास्तरांनी गाडी रस्त्याला काढली. समोरचा मेकॅनिक दारात दात घासत उभा होता. त्याने गाडीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, तोंडातला ब्रश काढून काहीतरी विचारलं. फेसामुळे ओठ कळेनात. मिस्त्रींनी सवयीने मान हलवली आणि हसले. त्यानेही मान हलवली आणि चूळ भरायला आत गेला.

संध्याकाळी फोन आला तो बायकोने घेतला. फोनवर मिस्त्रींना काही कळत नसे. ती ऐकत असताना ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिने फोन ठेवायच्या आधीच खाली बसले. समुद्र शंभर किलोमीटरवर राहिला असताना, उतारावर, चेन तुटली. इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागचं चाक फिरायचं थांबलं, गाडी आडवी होऊन घसरत गेली. मास्तरांचं मनगट आणि दोन बरगड्या. वहिनींचं खुब्याचं हाड चुरलं होतं. पुढे त्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण चालण्याचं काही आता मनात धरू नका.

निळी गाडी टेम्पोतून परत आली. मिस्त्रींनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि इंजिन उघडलं. चेन ज्या पट्टीवरून घसरते ती खाऊन खाऊन कागद झाली होती, खालच्या अल्युमिनियममध्ये बोट बसेल एवढी खाच पडली होती. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकलेले. समोरचा मेकॅनिक शटरखालून वाकून आत आला आणि शेजारी उभा राहिला. मग मिस्त्रींच्या समोर येऊन, तोंडाकडे बघून म्हणाला, "मी त्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला. सुं जास्त येतेय का, म्हणून. तुम्ही मान हलवलीत. म्हटलं, मुद्दामच ठेवली असेल. तुमच्या कामात मी कोण बोलणार?" मिस्त्रींनी खाली मान घालून हात पुसले. त्या पोराचा काय दोष? त्यांना स्वतःच्या त्या हसण्याची किळस आली.

वहिनींना घरी आणल्यावर ते गेले. बैठकीच्या खोलीतच खाट टाकली होती, उशाशी औषधं, खिडकीत पाण्याचा तांब्या. मास्तर खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. मिस्त्री उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं. "मास्तर, चेन मी जास्त आवळली. मला सुं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. त्या दिवशी मला शंका आली होती, तरी तुम्हाला जा म्हटलं."

मास्तर म्हणाले, "गाडी चौतीस वर्षांची होती, मिस्त्री. कधीतरी व्हायचंच."

"चेन चार वर्षांची होती," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात खाटेवर वहिनींनी मान वळवली. त्यांचा आवाज आधीच बारीक, आता तर नुसता श्वास. मिस्त्रींपर्यंत त्यातलं अक्षरही पोचलं नाही. पण दोन वर्षं ते ओठांवर जगत होते. वहिनी नवऱ्याकडे बघून बोलत होत्या, रागाने नाही, दुखण्याने थकलेलं माणूस बोलतं तसं. मी तुम्हाला निघाल्यापासून सांगत होते, शिट्टी वाजतेय. दोनदा थांबलो आपण. वाटेतल्या गॅरेजवाल्याला दाखवा म्हटलं. तुम्ही म्हणालात, मिस्त्रींनी कान लावून बसवलंय, त्यापुढे आपले कान काय.

मिस्त्री मास्तरांकडे वळले. सगळं कळलं होतं तरी वळले. इतक्या दिवसांची सवय. "काय म्हणाल्या वहिनी?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग खुर्चीत पुढे सरकले, तोंड मिस्त्रींच्या कानाजवळ आणलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"काही नाही. चहा. घेऊन. जा. म्हणतेय."

"हो," मिस्त्री म्हणाले, आणि खाटेच्या पायथ्याशी बसले.